खळ्यावरचं पाणी

छातीत नळी बसवलेल्या माणसाला धरणाच्या पाण्यात पार डोक्यापर्यंत बुडवून काढावं की नाही? सांगा बरं. विचार करत बसू नका, सोपानला कुणी विचार करायला वेळ दिला नव्हता.

'नाही' म्हणालात ना? म्हणणारच. नळी, गढूळ पाणी, जंतू, ताप, मरण, एवढं शाळा न पाहिलेल्यालाही कळतं. पण समजा, त्याच माणसाला चाळीस जणांनी रविवारच्या रविवार सांगितलंय की पाण्यात उतरला नाहीस तर मेल्यावर दार बंद. आणि समजा, त्या दारातून आधी गेलेलं, किंवा कदाचित न गेलेलं, त्याचं पोटचं पोर आहे. आता सांगा. अडकलात? सोपान तिथंच अडकलाय, आणि त्याला तिथं अडकवणाऱ्यांत एकही वाईट माणूस नाही. राग येतो तो याचाच.

सोपान धरणाकाठच्या तिकोना पेठेचा. वय छप्पन, दिसतो सत्तरीचा. धरणात गाव गेलं तेव्हा तो तीन वर्षांचा, आईच्या कडेवर. त्याला गाव आठवत नाही, पण बापानं त्याला ते पाण्यावरून बोट फिरवून फिरवून शिकवलं. हितं आपलं घर, हितं चिंच, आन त्या तिथं, टेकाडाच्या नाकासमोर, आपलं खळं. बाप बोट दाखवायचा तिथं नुसतं निळं पाणी. दुसऱ्या पोरांना त्यांच्या बापांनी बाराखडी शिकवली, सोपानला बुडालेल्या गावाचा नकाशा. हातात राहिली डोंगराकडची नाचणीची दोन वावरं. त्यावर दोघा भावांचं काय होणार? धाकट्या बजरंगनं पुढं धरणाकाठी तंबू लावायचा धंदा काढला. सोपान एका बंगल्यावर राखणदार झाला. पुण्या-मुंबईची माणसं शनिवारी येणार, रविवारी जाणार, मधल्या पाच दिवसांत सोपान त्यांच्या हिरवळीला पाणी घालणार. स्वतःच्या जमिनीवर उभं असलेलं पाणी दुसऱ्याच्या गवताला पाजायचं. यावर कुणी चिडायला हवं होतं, सोपान चिडला नाही. तो चिडणाऱ्यातला नव्हेच. तो आपला 'व्हय' म्हणणारा.

आयुष्यात 'न्हाई' तो एकदाच म्हणाला. ते पोरीला.

प्रेरणा त्याची एकुलती एक. नर्सिंगचा कोर्स करायला देहूरोडजवळ खोली घेऊन राहायची. खोलीतली जोडीदारीण ख्रिस्ती, तिच्याबरोबर ही रविवारी मंडळीत जायला लागली. लष्कराच्या डेपोच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमधली छोटीशी मंडळी, चाळीसेक माणसं. घरी आली की गाणी म्हणायची, शास्त्रातलं वाचून दाखवायची. शालूबाईला, म्हणजे तिच्या आईला, गाणी आवडायची, बाकीचं ती कानाआड करायची. सोपानचंही काही म्हणणं नव्हतं. देव बरा असला की झालं, नाव कुठलं का असेना.

मग एका सोमवारी सकाळी, पवनानगरच्या नाक्यावर कामशेतच्या जीपची वाट बघत असताना, पोरीनं विचारलं, "आप्पा, मी बाप्तिस्मा घेऊ का? पुढच्या महिन्यात तारीख आहे. तुम्ही हो म्हणालात तरच."

सोपान म्हणाला, "न्हाई. आत्ता न्हाई. लगीन हुंदे, मग नवऱ्याच्या घरी काय घ्यायचं ते घे. भावकी आपल्याला जगू द्यायची न्हाई."

पोरगी रुसली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि जीपमध्ये बसली. सतरा दिवसांनी, दुपारच्या उन्हात, हायवेवर मैत्रिणीच्या स्कूटरला मागून ट्रक लागला. मैत्रीण वाचली.

जी तारीख ठरली होती, तिला अजून सहा दिवस होते.

दहाव्याला सगळं रीतीनं झालं. बजरंगनं पुतणीच्या नावानं पाणी सोडलं, ओक्साबोक्शी रडला. नंतर दोन दिवसांनी देहूरोडहून पास्टर रतन आले. डेपोतल्या कामगाराचा मुलगा, आठवडाभर स्वतःचा टेम्पो चालवायचा आणि रविवारी उपदेश करायचा, असा माणूस. ओटीवर बसले, चहा घेतला. सोपानचा चेहरा बघून त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सोपानभाऊ, प्रेरणा प्रभूजवळ आहे. याबद्दल मनात तिळभर शंका ठेवू नका."

या एका वाक्यावर सोपान चार वर्षं जगला. भाकरीवर जगतात तसा. पुढच्या रविवारी तो देहूरोडला गेला तो त्या वाक्याच्या मागेच गेला. मागच्या बाकावर बसायचा, गाणी ओठातल्या ओठात म्हणायचा, ख्रिस्तावर विश्वास बसला तोही असाच, हळूहळू, ओल झिरपावी तसा. बाप्तिस्म्याचं मात्र त्यानं कधी तोंडातून काढलं नाही, आणि पास्टरांनीही रेटलं नाही. नाक्यावरची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. शालूबाईलाही नाही.

आता मंडळीला बाप्तिस्म्यासाठी जागा लागायची. दरसाल टेम्पो भरून माणसं धरणाकाठी यायची. एका वर्षी एक बाई गाळात मांडीपर्यंत रुतली, तिला काढता काढता पास्टरांची चप्पल, घड्याळ आणि अर्धी प्रार्थना गाळात गेली. काठावर सोपान उभा होता. तो म्हणाला, "पास्टर, गाळात कशापाई मरताय? माज्या बापाचं खळं हाय तितं चला. मुरमावर चोपल्यालं हाय, पाय रुतायचा न्हाई."

आणि खरंच. एप्रिलात पाणी उतरलं की त्या जागी कमरेइतकं पाणी राहतं, आणि खाली पायाला टणक जमीन लागते. ज्या खळ्यावर सोपानच्या आज्यानं भात झोडला, त्या खळ्यावर उभं राहून पास्टर रतन माणसं बुडवून वर काढायला लागले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. सोपान काठावर टॉवेल घेऊन उभा. जो वर येईल त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि "सांभाळून, हितं दगड हाय" म्हणायचं. असे तीन वर्षांत चौतीस जण गेले. टॉवेलवाला कोरडाच.

"सोपानभाऊ, सगळ्यांना वाट दाखवता आणि स्वतः फाटकातच?" कुणी तरी हसून म्हणायचं.

"राखणदाराची जात हाय," सोपान म्हणायचा. "फाटकातच बरा."

दीड वर्षापूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड, मग तपासण्या. हातातली शीर डायलिसिसच्या मशीनसाठी तयार करायचा प्रयत्न दोनदा फसला, तेव्हा छातीत गळ्याच्या खाली नळी बसवली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, तळेगावच्या सेंटरवर चार चार तास खुर्चीत. त्याच्या आयुष्याला आता तीनच वार राहिले, बाकीचे चार नुसते मधले. तहान लागली तरी पाणी पेल्यात मोजून, भाजीचा रस्सा वेगळा काढून. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं पुसणं. धरणाच्या काठावर राहणाऱ्या माणसानं दीड वर्षं डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही.

आणि सेंटरला न्यायचं कुणी? बजरंग. पहाटे मोटारसायकल काढायची, दादाला मागं बसवायचं, कामशेत स्टेशनला सोडायचं, दुपारी लोकलच्या वेळेला परत हजर. पावसात, उन्हात, तंबूंचं बुकिंग फुल्ल असलं तरी. एकदाही चुकला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं हाच बजरंग तुम्हाला खलनायक वाटणार आहे आणि तो खलनायक नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत मंडळीत कुणी तरी वरचे मोठे पास्टर आले. तीन दिवसांचं शिबिर झालं. त्यात त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं की विश्वास हा अर्धा रस्ता आहे. रात्री भेटायला आलेल्या निकदेम नावाच्या पंडिताला प्रभूनं काय सांगितलं? पाण्यानं आणि आत्म्यानं जन्मल्याशिवाय राज्यात जाता येत नाही. पाणी म्हणजे पाणीच, त्याचा दुसरा अर्थ काढायचा नाही. डोक्यावर शिंपडलेलंही चालणार नाही, मढं पुरतात तसं पार बुडवायला हवं. जो म्हणेल की मनातला विश्वास पुरे, तो स्वतःला फसवतोय. शेडमधले पंखे गरगरत होते, लोक 'आमेन' म्हणत होते, आणि मागच्या बाकावर सोपान बोटांवर दिवस मोजत होता, सतरा, मग सहा.

त्याच्या डोक्यात आपलं तारण नव्हतं हो. त्याच्या डोक्यात पवनानगरचा नाका होता.

पुढच्या रविवारपासून पास्टर रतनही तेच बोलायला लागले. बोलताना सोपानकडे बघायचे नाहीत. उपासना संपल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमची तब्येत अशी. उद्याचं कोण सांगतं? या एप्रिलात उरकून टाकू."

"नळी हाय, पास्टर."

"करू काही तरी. दोन सेकंदांचं काम."

सोपाननं सेंटरवरच्या रेणुकाला विचारलं. रेणुका तळेगावची, मशीन लावायचं काम तिचं, जिभेला धार आणि हात हलका.

"रेणुकाताई, येक बुडी मारली तर काय हुतं?"

"कुठं मारायचीय बुडी, काका?"

"सहज आपलं."

"ही नळी थेट काळजापर्यंत जाते. तिच्यातून धरणाचं पाणी आत गेलं तर सहज आपलं रक्तात विष पसरेल आणि सहज आपले तुम्ही वर जाल." तिनं पट्टी चिकटवली आणि त्याच्याकडं रोखून बघितलं. "कुणी सांगितलंय हे?"

सोपान सदऱ्याची बटणं लावायला लागला.

मग तो एका शुक्रवारी लोणावळ्याला गेला, जुन्या दगडी चर्चमध्ये. तिथले रेव्हरंड म्हातारे, गोड बोलणारे. म्हणाले, आमच्याकडं बुडवत नाहीत, ओंजळीनं डोक्यावर घालतात, तुमच्या नळीला थेंब लागणार नाही. सोपानचा जीव भांड्यात पडला. पण आधी सहा महिने दर रविवारी वर्ग, मग मंडळीच्या कमिटीची परवानगी, आणि पत्नीची लेखी संमती. रीत आहे, उद्या कुणी तक्रार केली तर कागद हवा.

"सहा म्हैने," सोपान म्हणाला. "मशीनला इचारून सांगतो."

बाहेर पायरीवर बसून त्यानं पास्टर रतनना फोन केला. ते म्हणाले, "शिंपडलेलं ते पाणी नव्हे, भाऊ. ते दहा वेळा घेतलं तरी बाप्तिस्मा नव्हे."

बातमी बजरंगला कळलीच. पेठेत शिंकलं तरी तिकोन्याच्या गडावर ऐकू जातं. तो घरी आला, ओटीवर बसला, चप्पलही काढली नाही.

"दादा, खरं हाय का?"

"काय?"

"तू त्येंचं पानी घेणार हायेस."

सोपाननं ओटीवरचा टॉवेल उचलून घडी घातली.

"गाणी म्हन, प्रार्थना कर, मी कदी आडीवलं? पर येकदा पानी घेतलंस की तू त्येंचा. मग मेल्यावर आमचं पानी तुला न्हाई. मी सोडनार न्हाई, भावकी सोडू द्यायची न्हाई. कुटं जाळायचं, कुटं पुरायचं, त्ये तुजं तू बग." त्याचा आवाज फुटला. "आन त्या दिवसापास्नं मोटारसायकल बंद. लय झालं."

"आवो भावजी," शालूबाई आतून म्हणाली, "गाडी बंद म्हंजी मानूसच बंद की वो."

"म्हनूनच म्हनतोय, वैनी! समजवा त्येला!"

तो गेला. शालूबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "येक सांगा. तुमी पानी घेतलं, वर गेलात. मी आपली हितलीच. मग वर गाठ न्हाईच का आपली?"

सोपान कुठल्या तोंडानं सांगणार? त्याच्याकडे याच्याहून मोठं बंद दार होतं आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं लावलं होतं, की नव्हतं लावलं, हेच त्याला कळत नव्हतं. पास्टरना विचारलं तर कळलं असतं. पण विचारायचं कसं? ते 'आत आहे' म्हणाले तर ठीक. ते 'बाहेर आहे' म्हणाले तर? चार वर्षांचं वाक्य एका क्षणात मातीत. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत त्यानं दोन महिने काढले. मशीनवर चार तास छताकडे बघायचं आणि एकच हिशेब उलटा-सुलटा करायचा. रेणुका म्हणायची, काका, तुमचं ब्लडप्रेशर का चढतंय? काय सांगणार कप्पाळ.

एप्रिलातला दुसरा रविवार उजाडला. बजरंगच्या तंबूंपासून लांब, टेकाडाच्या नाकाशी टेम्पो लागला. पाच जण पाणी घेणारे, सोपान सहावा; पास्टरांनाही त्यानं नेहमीसारखं 'व्हय' म्हटलं होतं. मंडळी काठावर टाळ्या वाजवून गात होती. शालूबाई आली होती, लांब दगडावर बसली होती, पदर घट्ट ओढून. आणि टेकाडावर बजरंग उभा. एकटा. मागं हात बांधून.

पास्टर रतननी पिशवीतून पाण्यानं न भिजणाऱ्या पट्ट्या काढल्या, वरून गुंडाळायला प्लॅस्टिक. औषधाच्या दुकानात जाऊन, चौकशी करून आणलेलं. स्वतःच्या हातानं, जपून जपून त्यांनी ती नळी गुंडाळली. त्या माणसाला खरोखर वाटत होतं की आपण एक जीव आगीतून ओढून काढतोय.

"भाऊ, तुमचा पहिला नंबर. थंडी वाजायच्या आत."

सोपान पाण्यात उतरला. घोटा, पोटरी, गुडघा. दीड वर्षांनी पाणी. पायाखाली खळ्याची टणक कड लागली, ती त्यानं टाचेनं चाचपून बघितली. पास्टर पुढं, कमरेइतक्या पाण्यात, हात पसरून उभे. काठावरचं गाणं वाढलं. आणि गुडघाभर पाण्यात सोपान थांबला.

"या भाऊ, अजून चार पावलं."

"पास्टर, येक इचारू?"

"बाहेर आल्यावर विचारा."

"भाईर आल्यावर इचारून काय उपेग? आत्ताच सांगा. माजी प्रेरणा कुटं हाय?"

गाणं पहिल्या ओळीतल्या बायकांपासून विरत विरत मागं गेलं. पास्टर म्हणाले, "प्रभूजवळ. सांगितलं होतं ना मी?"

"पानी न घेता?"

पाणी अगदी स्थिर होतं. लांबवर कुणाच्या तरी तंबूपाशी स्पीकर वाजत होता.

"तिला संधी मिळाली नाही, भाऊ," पास्टर सावकाश म्हणाले. "प्रभूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर आठवा. खिळलेला माणूस, तो कुठं खाली उतरून पाणी घेणार? प्रभूनं त्याला त्याच दिवशी तसाच नेला. ज्याला जमलंच नाही त्याची गोष्ट वेगळी."

"तिला जमत व्हतं," सोपान म्हणाला. "तारीक तुमीच ठरीवलीवती. तिनं मला नाक्यावर इचारलं आन मी न्हाई म्हनलं."

पास्टरांचा चेहरा उतरला. "ती तर म्हणाली, परीक्षा आहे, पुढच्या वेळी घेईन."

"बापाला झाकलं तिनं." सोपानचा आवाज चढला. कधी न चढणारा आवाज, तो धरणभर गेला. "आता सांगा. पानी लागत आसंल तर माजी पोरगी भाईर हाय, आन मी तिला भाईर ठिवली. मग मला आत जाऊन काय करायचंय? आन लागत नसंल तर ही नळी बांधून मला हितं कशाला हुबा केलाय?"

"प्रश्न आज्ञा पाळण्याचा आहे, भाऊ..."

"मग तिनं काय केलं?" हा आवाज काठावरून आला. शालूबाई दगडावरून उठून पाण्यापाशी आली होती. "आईबापाचा मान राख, आसं तुमच्याच शास्त्रात हाय ना वो? पोरगीच वाचून दावायची मला. तिनं बापाचा मान राखला. येक आज्ञा पाळली म्हनून दुसरी ऱ्हायली. मग तिला कोन शिक्षा देनार, आन कशापाई?"

मंडळीत तोंडाशी पदर लावून बायका उभ्या.

सोपान बायकोकडं बघतच राहिला. "तुला ठाव व्हतं?"

"तिनं आदी मलाच इचारलं व्हतं," शालूबाई म्हणाली. "मीच म्हनलं, बापाला इचार. त्यो न्हाई म्हननार ह्ये ठाव व्हतं मला. म्हनून धाडली."

चार वर्षं एका घरात, एका ताटात जेवून, दोघांनी एकच धोंडा दोन उशांखाली ठेवला होता. माणसं अशी असतात. मेलेल्या पोरीबद्दल बोलायचं नाही म्हणून घरात आवाज करायचे नाहीत.

"पास्टर," सोपान वळला, "तवा वटीवर बसून तुमी म्हनालात, ती प्रभूजवळ हाय. त्ये शास्त्रातलं व्हतं का?"

पास्टर रतन कमरेइतक्या पाण्यात उभे. डोळ्यांतून पाणी चाललेलं. ते म्हणाले, "तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघून बोललो."

"आन आता?"

"आता वरून शिकवलंय ते."

"मग तवाचं खोटं का आताचं खोटं?"

टेम्पो चालवणारा भला माणूस तो, त्याच्या गळ्याशी त्याची मंडळी, वरचे पास्टर, शेडचा भाडेकरार, सगळं लोंबत होतं. 'पाणी लागत नाही' म्हटलं तर मंडळी जाते, 'लागतं' म्हटलं तर समोरचा बाप जातो. त्याला हात द्यायलाही कुणी नव्हतं. तरी चीड येते ती येतेच. चौतीस माणसांना बुडवताना ज्याला शंका आली नाही, त्याला एका कोरड्या माणसानं अडवल्यावर बोलता येईना.

सोपान मागं फिरला. गुडघा, पोटरी, घोटा. काठावर आला, आणि तिथं सुदुंबऱ्याची एक बाई पाळीची वाट बघत कुडकुडत उभी होती. तिनं घाबरून विचारलं, "भाऊ, मी जाऊ का नगं?"

"जा की ताई," सोपान म्हणाला. "तुमच्यामागं कोन भाईर ऱ्हायल्यालं नसंल तर जा." आणि त्यानं नेहमीसारखा टॉवेलांचा गठ्ठा उचलला.

त्या दिवशी पाचही जणांनी पाणी घेतलं. पास्टर प्रत्येकाचं नाव घेताना अडखळत होते.

टेकाडावरून बजरंग उतरून आला. भावाच्या छातीवरचं प्लॅस्टिक त्यानंच सोडवलं. "बरं केलंस दादा," म्हणाला.

"तुज्यासाटी न्हाई केलं."

"आसूं दे. मंगळवारी साडेपाचला येतो."

म्हणजे सुटला का सोपान? छे. भावाची मोटारसायकल चालू राहिली, एवढंच. बजरंगला वाटतं दादा परत आला, गावात सांगत फिरतो, त्यामुळं सोपान दम खायला मंदिराच्या पायरीवर टेकला की लोक हसून मान हलवतात आणि तो मेल्याहून मेला होतो. मंडळीत प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरी-द्राक्षरसाचं ताट त्याच्या समोरून पुढं जातं, कारण पाणी न घेतलेल्याला ते द्यायचं नाही असा नवा नियम. तो तरीही जातो. विश्वास आटलेला नाही, तीच तर पंचाईत. आटला असता तर माणूस मोकळा झाला असता. त्याला पाणी हवंय. प्रभूनं घेतलं तसं घ्यावं, खळ्यावर उभं राहून घ्यावं, असं त्याला अजून वाटतं. फक्त त्या पाण्यानं पोरीच्या तोंडावर दार लागणार असेल तर नकोय. लागणार आहे की नाही, हे सांगणारा माणूस त्याला भेटत नाही.

एका गुरुवारी पास्टर रतन सेंटरवर आले. मशीन चालू होतं, रक्त नळीतून बाहेर, नळीतून आत. ते स्टुलावर बसले, मशीनचे आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मला वरून विचारलंय, त्या दिवशी काय झालं म्हणून. काय कळवू?"

"वरून म्हंजी किती वरून?" सोपाननं विचारलं.

रेणुकाला हसू आलं, पास्टरांनाही आलं, आणि मग ते थांबलं. उठताना पास्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देव न्यायी आहे, भाऊ."

सोपाननं तोंड मशीनकडं फिरवलं. लोणावळ्याचे रेव्हरंडही फोनवर हेच म्हणाले होते. मंडळीतल्या आजीबाई हेच म्हणतात. देव न्यायी आहे. अरे, असेल ना! न्यायी आहे म्हणूनच तर बापाची झोप उडालीय. न्यायाधीश न्यायी आहे असं आरोपीला सांगून कुणाला धीर येतो?

आता शालूबाई त्याच्याबरोबर सेंटरला येते. पूर्वी यायची नाही. मोटारसायकलवर तिघं बसतात, पोलिसांनी बघितलं तर बघितलं. ती खुर्चीशेजारी बसते आणि दोघं प्रेरणाबद्दल बोलतात, हळू आवाजात, कधी कधी हसतात सुद्धा. मग बोलता बोलता गाडी नाक्यावर येते आणि दोघंही थांबतात.

तेव्हा तुमच्यात कुणी पास्टर असेल, फादर असेल, सिस्टर असेल, शास्त्र शिकलेलं, न शिकलेलं कुणीही असेल, ज्याला या पाण्याबद्दल ठाम काही माहीत आहे, त्यानं कृपा करून तळेगावला जावं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ते बारा, खिडकीकडून तिसरी खुर्ची. सोपानशेजारी बसा, शालूबाईलाही ऐकू जाईल असं बोला, आणि त्यांची प्रेरणा आत आहे की बाहेर ते सांगा. माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' असं सरळ म्हणा, तेवढंही त्यांना अजून कुणी म्हणालेलं नाही. फक्त देव न्यायी आहे एवढंच सांगून उठू नका.